ओढून पाहू का जी?

गाडीच्या दारावर बाहेरून जी आडवी काळी पट्टी असते, तिचं काम काय, हे ती सुटेपर्यंत मालकालाही ठाऊक नसतं. गॅरेजवाले तिला बीडिंग म्हणतात. मोठ्या शहरात शेजारच्या गाडीचं दार उघडताना आपल्या दारावर आपटतं. तो मार रंगाऐवजी या पट्टीनं खावा, एवढ्यासाठी तिला जन्माला घातलेलं असतं. वरठीतल्या आमच्या गल्लीत दोन गाड्या शेजारी उभ्या राहण्याचा योग लग्नसराई सोडली तर येत नाही. इथे दाराला भेटायला येतात ती सायकलची हँडलं, दुधाच्या कॅन, पाठ घासायला टेकलेली म्हैस, आणि 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणत आपल्याला मागे घेणाऱ्या सद्‌गृहस्थाच्या पाठीमागचा विजेचा खांब. यांतलं कुणीही नेमकं पट्टीच्या उंचीवर धडकत नाही. म्हणजे माझ्या गाडीच्या चारही पट्ट्या आजवर बिनकामाचा पगार खात होत्या. त्यांतल्या एकीनं, मागच्या डाव्या दारावरच्या, ऐन मे महिन्यात नोकरी सोडायचं ठरवलं.

पुरती सोडली असती तर बरं झालं असतं. मी ती पट्टी माळ्यावर टाकून विसरून गेलो असतो. पण तिनं पुढचं टोक दारावर ठेवलं आणि मागचं मोकळं केलं. गाडी चाळीसच्या पुढे गेली की ती दारावर टाळ्या वाजवायला लागायची. तो आवाज ऐकला की गाडीत बसलेला प्रत्येक जण मेकॅनिक व्हायचा. मेहुणा डोळे मिटून म्हणायचा, "भाऊजी, बेअरिंग गेलं." सासरे म्हणायचे, "सायलेन्सर लोंबून राहिला." हिचं म्हणणं एकच, "तुम्ही दार नीट लावत नाही." मग ती गाडी थांबवायला लावायची, उतरायची आणि दार उघडून पुन्हा दणकन लावायची. दर दणक्याला पट्टी बोटभर आणखी सुटायची. "पाहा, आता आवाज बदलला की नाही?" असं वर मला विचारायची. बदललेला असायचा. वाढलेला असायचा.

पट्टी सुटायला वरठीइतकं गैरसोयीचं गाव देशात दुसरं नसेल. इथे पोलादाचा कारखाना आहे. सनफ्लॅगमध्ये तयार होणारं खास पोलाद वाहनांचे भाग बनवणाऱ्यांकडे जातं. त्यामुळे गावात एक पक्का समज आहे, की रस्त्यावरची कुठलीही गाडी मुळात आपलीच, मालकाला ती फक्त चालवायला दिलेली आहे. त्यात कारखाना चालतो पाळ्यांमध्ये. साहजिकच सल्लाही पाळ्यांमध्येच मिळतो. सकाळची पाळी सुटून माणसं घरी येतात, जेवतात, लवंडतात आणि ऊन उतरलं की माझ्या दारापाशी येतात. ती जातात न जातात तोच दुपारची पाळी सुटलेली मंडळी रात्री टॉर्च घेऊन हजर. आणि रातपाळीवाला तर थेट पहाटेच, डबा हातात घेऊनच, पट्टीसमोर उकिडवा बसलेला. आमच्या घरात बिनसल्ल्याचा असा तासच उरला नाही.

सकाळच्या पाळीचा रोख शास्त्राकडे. "सर, दोष पट्टीचा नाही. उन्हानं प्लॅस्टिक पोलादाच्या कितीतरी पट फुगते. पट्टी पसरू म्हणते, दार पसरू देत नाही. मधला गोंद दोघांच्या भांडणात मरते."

"मग उपाय?"

"उपाय काही नाही. मी कारण सांगून राहिलो."

दुपारच्या पाळीचा भर कृतीवर. "एक थेंब टाका ना जी सर. पाच रुपयाची ट्यूब. हत्ती चिकटवला तं हत्ती निघत नाही."

हत्ती चिकटवायची गरज कुणाला, कधी आणि कशाला पडली, हे विचारायचं राहून गेलं, कारण तोवर शेजारचा पोरगा ट्यूब घेऊन आलासुद्धा. या थेंबाचा इतिहास मला माहीत होता, हे माझं दुर्दैव. तो मी तिथल्या तिथे सांगायला घेतला. 1942 साली, महायुद्धाच्या धामधुमीत, अमेरिकेत कोडॅक कंपनीतले हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होते. हाती लागलेला पदार्थ ज्याला त्याला चिकटायला लागला, म्हणून वैतागून त्यांनी तो बाजूला टाकला. चिकटणं हाच त्याचा गुण आहे, हे त्यांच्या ध्यानात यायला 1951 साल उजाडलं आणि तो बाजारात यायला 1958. गंमत अशी की हा गोंद हवेनं वाळत नाही, ओलाव्यानं घट्ट होतो. म्हणून कोरड्या, धुळकट दारापेक्षा माणसाचं घामेजलेलं बोट त्याला फार जवळचं वाटतं.

हे शेवटचं वाक्य मी बोलत असतानाच पोराचा अंगठा पट्टीला चिकटला. पट्टीचं पुढचं टोक दाराला, मागचं टोक अंगठ्याला, आणि अंगठा पोराला. मधला भाग मात्र दारापासून चार बोटं लांब, अगदी मोकळा. पोराची आई धावत आली. लेकराकडे पाहून तिनं कळवळून विचारलं, "चिकटलं का गा?" आणि खात्री करायला अंगठा ओढून पाहिला. पोरगं किंचाळलं, तेव्हा तिचं समाधान झालं. "हव, चिकटलं बाप्पा."

असा अंगठा नखाचा रंग काढायच्या पाण्यानं सुटतो. ते पाणी अख्ख्या गल्लीत एकाच घरी होतं, आणि त्या घरच्या मुलीला त्याच संध्याकाळी मैत्रिणीच्या हळदीला जायचं होतं. तिनं बाटली देण्याआधी अटी घातल्या: अर्ध्याहून जास्त वापरायचं नाही, आणि हळदीच्या ठिकाणी सरांनी गाडीनं सोडायचं. अंगठा सुटला. मुलीला सोडायला गेलो, तर वाटेत पट्टीनं पुन्हा टाळ्या धरल्या. मुलगी म्हणाली, "सर, तुमच्या गाडीचं बेअरिंग गेलं वाटते."

रातपाळीचा सल्ला सगळ्यात थोडक्यात. "दोन स्क्रू मारा. विषय खतम." हे ऐकून सकाळच्या पाळीतला माणूस, जो खरं तर दूध घेऊन घरी निघाला होता, रस्त्यातच थांबला. "दाराला भोक? उघड्या पत्र्याला? पहिल्या पावसाळ्यात गंज धरन!" रातपाळी म्हणाली, "भोकाला रंग लावता येते." सकाळपाळी म्हणाली, "भोकाच्या आतून कोण लावन, तू का?" पुढचा अर्धा तास दोघंही गंज या विषयावर बोलत होते आणि दूध माझ्या बोनेटवर तापत होतं.

नागपूरला जाऊन एका शोरूममध्येही विचारलं. काचेच्या आतल्या गार खोलीत टाय लावलेला एक हसरा तरुण म्हणाला, "सर, सिंगल येत नाही. सेट येतो. चार."

"मला तीन काय करायच्या?"

"स्पेअर ठेवा ना, सर."

"बरं, सेट द्या."

"तुमचं मॉडेल बंद झालं, सर. सेट येत नाही."

ज्या गोष्टीचा सेटच येत नाही, तिची सुटी पट्टी मिळत नाही याचं दुःख तरी का करावं, असा विचार करत मी साठ-एक किलोमीटर परत आलो. वाटभर डाव्या बाजूनं टाळ्या सुरूच होत्या.

शेवटी भंडाऱ्यात गाड्यांच्या सीट कव्हरच्या दुकानातल्या पोरानं दोन्ही बाजूंनी चिकटणारा फोमचा टेप दिला आणि म्हणाला, "सर, कंपनीत हाच लावतात. फक्त कागदावर लिहिलं तसं करजा." मी पेशानं शिक्षक. आयुष्यभर पोरांना 'सूचना नीट वाचा' असं सांगत आलेलो. म्हणून त्या टेपासोबतचा मुंगीच्या अक्षरातला कागद भिंगानं वाचणारा मी बहुधा जिल्ह्यातला पहिला माणूस. कागदाचं म्हणणं असं: जुना गोंद पूर्ण काढा. जागा स्पिरिटनं पुसा. टेप लावताना पृष्ठभाग 21 ते 38 अंशांच्या दरम्यान हवा. नीट दाबा. वीस मिनिटांत निम्मी पकड येते, 24 तासांत नव्वद टक्के, आणि पूर्ण पकड यायला 72 तास लागतात. तोवर हलवू नका.

यातली पहिली अट सोपी होती. भंडारा हा तलावांचा जिल्हा. मासे धरायची नायलॉनची दोरी कुणाकडेही मागा, मिळते. पट्टीच्या मागून ती करवतीसारखी पुढे-मागे फिरवली की जुना फोम कापला जातो. उरलेलं बोटानं मळून काढायचं. मळलं. स्पिरिटही मिळालं. अडलं ते तापमानापाशी. मे महिन्यात आमच्याकडे सावलीतला पारा 45च्या घरात जातो, आणि उन्हातल्या दाराचा तर तवा होतो. हिनं आधीच्या उन्हाळ्यात त्याच बोनेटवर पापड वाळवलेले. 38 अंशांच्या खालचं दार पाहिजे तर पहाटेशिवाय मुहूर्त नव्हता.

म्हणून पहाटे उजाडता उजाडता मी दारापाशी मांडी घातली, स्पिरिट फिरवलं, टेपाचा लाल कागद सोलला, पट्टी टेकवली आणि दोन्ही तळहातांनी दाबून धरली. इतक्यात फिरायला निघालेली चार माणसं थबकली. भल्या पहाटे एक शिक्षक गाडीला दोन्ही हात लावून, दात-ओठ खात बसलेला दिसल्यावर परोपकारी माणसाच्या मनात एकच अर्थ येतो.

"बंद पडली का जी सर? थांबा, लोटून देतो."

"नाही हो, लोटू नका…"

"काहून लाजता? रोजचंच आहे!"

माझ्या गाडीचा हँडब्रेक हा शोभेचा भाग आहे. चौघांनी मनापासून जोर लावला आणि गाडी चालू लागली. दाबलेली पट्टी सोडता येत नव्हती. कागदाची सक्त ताकीद होती. मी दाराला तळहात लावून, गुडघ्यांवर, गाडीच्या बरोबरीनं गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. मागून आवाज येत होता, "सर, गिअर टाका! गिअर टाका!" गाडीत कुणीच नाही, हे पहिल्यांदा लक्षात आलं ते पानठेल्यावाल्याच्या, कारण गाडी त्याच्याकडे चालली होती. त्यानं बाकडं आडवं टाकलं म्हणून थांबली. पट्टी मात्र जागच्या जागी. वीस मिनिटं झाली होती. निम्मी पकड आली होती.

उरलेल्या निम्म्या पकडीसाठी मी वरून मास्किंग टेपच्या उभ्या-आडव्या पट्ट्या मारल्या. हा टेपही गाड्यांच्याच पोटी जन्मलेला. 1920च्या दशकात अमेरिकेत दुरंगी गाड्यांची फॅशन आली. एक रंग झाकून दुसरा मारण्यासाठी रंगारी कागद गोंदानं डकवायचे, आणि कागद काढताना खालचा नवा रंगही सोबत निघायचा. रंगाऱ्यांच्या शिव्या ऐकून रिचर्ड ड्रू नावाच्या थ्रीएम कंपनीतल्या तरुणानं 1925 साली बेताचा चिकटणारा टेप तयार केला. फार चिकटलं तर रंग जातो, कमी चिकटलं तर टेप पडतो. त्यानं मधला रस्ता काढला. मला हा इतिहास सांगायला त्या दिवशी कुणी भेटलं नाही. सगळे दुसराच इतिहास विचारत आले.

"कुठं ठोकली जी?"

पांढऱ्या पट्ट्या मारलेलं दार पाहिलं की माणसाला अपघातच सुचतो. पाळी सुटता सुटता बातमी कारखान्यात गेली, दुसऱ्या पाळीबरोबर मोहाडीपर्यंत पोचली आणि संध्याकाळी तुमसरहून मावशीचा फोन आला, "हाड तं नाही ना मोडलं?" मी म्हणालो, "पट्टी आहे, मावशी." मावशी रडवेल्या आवाजात म्हणाली, "पट्टीवर भागलं ना? प्लास्टर तं नाही ना लागलं?"

त्यातच वरठीचं स्टेशन. गाव वरठी, पण स्टेशनाचं नाव भंडारा रोड. हावडा-मुंबई मार्गावरून भंडाऱ्याला यायला निघालेला प्रत्येक पाहुणा इथे उतरतो, इकडेतिकडे पाहतो आणि भंडारा अजून दहा-बारा किलोमीटर लांब आहे हे कळलं की त्याला अचानक माझी आठवण येते. ऑटो मिळेपर्यंत एक चहा. एरवी अशा पाहुण्याकडे बोलायला विषय नसतो. आता विषय दारातच उभा होता. पाहुणा चहा पिऊन बाहेर यायचा, पट्ट्यांकडे पाहायचा, सगळी हकीकत ऐकून घ्यायचा, 72 तासांचं ऐकून 'वा!' म्हणायचा. आणि मग त्याचा हात पुढे व्हायचा.

"चिकटली का? ओढून पाहू का जी?"

मला या प्रश्नाचा उलगडा आजवर झालेला नाही. शिजलं का हे पाहायला माणूस एक शीत दाबतो, अख्खं पातेलं उपडं करत नाही. पण चिकटलं का हे पाहायचं झालं की त्याला ते उपटायचंच असतं. मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'हात लावू नये'. त्याआधी ओळखीचे ओढत होते. नंतर अनोळखीही ओढायला लागले. एक दूधवाला तर चक्क सायकल स्टँडवर लावून आला, पुठ्ठा मोठ्यानं वाचला आणि म्हणाला, "काहून लावू नये?" त्याला उत्तर मिळेपर्यंत त्यानं दोनदा ओढून पाहिलं होतं. तक्रार केली तर म्हणाला, "तुमच्याच फायद्यासाठी पाहिलं ना जी. वाटेत निघाली असती मंग?" मी रात्री अंगणात खाट टाकून पट्टीजवळ झोपू लागलो. रातपाळीवाल्यानं पहाटे मला हलवून उठवलं, "सर, झोपा तुम्ही निवांत. मी पाहून घेतलं. चांगली आहे."

हे सगळं सोसून पट्टीनं 72 तास पुरे केले. मास्किंग टेप सोलला. पट्टी सरळ, घट्ट, कडा दाराला टेकलेल्या. गाडी चाळीसच्या पुढे नेली, साठला नेली. आवाज नाही. सासरे म्हणाले, "सायलेन्सर बदलला वाटते." मेहुणा म्हणाला, "मी म्हणलंच होतं, बेअरिंग." हिनं दार दणकन लावून पाहिलं आणि "मी सांगत होती" एवढंच म्हणाली.

तेवढ्यात फाटक वाजलं आणि भाऊ आत आले. भाऊ म्हणजे गल्लीतले सर्वांत आदरणीय गृहस्थ. सारी नोकरी पोलादाच्या टेस्टिंग लॅबमध्ये काढून निवृत्त झालेले. आजवर त्यांनी एक अक्षरही सल्ला दिला नव्हता, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटत होतं. ते पट्टीसमोर उभे राहिले, चष्मा वर केला.

"टेस्टिंग झालं?"

"साठनं चालवून पाहिली, भाऊ."

ते करुणेनं हसले. "सर, ते चालवणं झालं. टेस्टिंग म्हणजे काय असते? सळईचा नमुना मशीनच्या दोन जबड्यांत धरायचा. आणि ओढायचा. कुठपर्यंत? तुटेपर्यंत. तुटला की कळते त्याची ताकद किती होती."

"पण तुटल्यावर ताकद कळून काय उपयोग?"

"रिपोर्ट तं निघते ना!"

मी मध्ये येण्याआधी भाऊंनी पट्टीच्या मागच्या टोकाखाली नख घातलं, पाय रोवले आणि तीस वर्षांचा अनुभव मनगटात आणून सरळ रेषेत ओढलं. पट्टीनं टेप सोडला नाही. टेपानं रंग सोडला नाही. रंगानं मात्र दार सोडलं. माझ्या आधीच्या मालकानं ते दार कुठेतरी ठोकून आणून पुट्टीनं भरलं होतं. ती पुट्टी, वरचा रंग, टेप आणि पट्टी असा सगळा ऐवज एकसंध भाऊंच्या हातात आला, आणि दारावर बरोबर पट्टीच्या मापाचा उघडा पत्रा राहिला. भाऊंनी तो ऐवज उजेडात फिरवून पाहिला. चेहऱ्यावर निखळ आनंद होता.

"टेप पास," ते म्हणाले. "रंग फेल."

तोंडी रिपोर्ट देऊन ते चहाला बसले. अंगणात लगेच उघड्या पत्र्यावर चर्चा सुरू झाली. सकाळपाळी म्हणाली, "आता गंज." रातपाळी म्हणाली, "तेव्हाच स्क्रू मारले असते तं?" रंगाऱ्यानं येऊन पाहणी केली आणि सांगितलं, "सर, दार नवं करून देतो, पण एका दाराला पट्टी नाही नि तीन दारांना आहे, हे शोभणार नाही. बाकीच्या तीनही काढून टाका. साफ गाडी दिसन."

बोलणं पटण्यासारखं होतं. मी दुसऱ्या दिवशी पहिल्या पट्टीला हात घातला. हलली नाही. नायलॉनची दोरी आणली, तीही तुटली. हिचा हेअर ड्रायर फिरवून तापवली, पातं सरकवलं, पाय दाराला टेकवून जोर केला. पट्टी गाडीबरोबर जन्मली होती आणि गाडीबरोबरच जायचा तिचा इरादा दिसत होता. इतक्या वर्षांत तिला कुणी 'चिकटली का?' म्हणून विचारलंच नव्हतं, आणि बाकीच्या दोघींचीही तीच गत. दुपार टळली, पाळी सुटली, अंगणात माणसं जमली, आणि प्रत्येक जण पट्टी कशी काढावी हे सांगत होता. पण काढायच्या पट्टीला हात लावायला एकही पुढे होईना. जी सुटावी अशी इच्छा आहे, ती ओढून पाहण्यात कुणालाच रस नव्हता.

मग मी घरात गेलो आणि भाऊंना फोन लावला.

"भाऊ, उरलेल्या तीन पट्ट्या आत्ताच नव्यानं बसवल्या. अजून 72 तास व्हायचे आहेत, कुणी हात लावू नये म्हणून पुठ्ठाही टांगलाय. पण चिकटल्या की नाही, जरा येऊन पाहता का?"